जबाबात बदललेला शब्द

ज्या प्रकरणाबद्दल आपल्याला कुणी विचारू नये असं मला कायम वाटत आलं, ते आज आपणहून लिहायला बसलो आहे. निवृत्तीनंतर शाळांमधून, ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकांमधून मला बोलावणी येतात. उसाच्या फडात लपलेला फरारी, देवळातला चोरीला गेलेला मुखवटा, असल्या तपासांच्या गोष्टी मी रंगवून सांगतो. एकदा ओतूरच्या कार्यक्रमात एका विद्यार्थिनीने उभं राहून विचारलं, "सर, तुमच्या हातून चुकलेली एखादी केस सांगाल का?" मी घड्याळाकडे पाहिलं, वेळ झाली म्हणालो आणि खाली बसलो. वेळ झालेली नव्हती.

ती केस ही.

नोकरीची शेवटची काही वर्षं मी जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचं नाव घेत नाही, माणसांचीही घेणार नाही. त्या काळात गर्भलिंगनिदानाविरुद्ध मोठी मोहीम चालू होती. दर महिन्याच्या गुन्हे आढावा बैठकीत वरिष्ठ विचारत, "या कायद्याखाली तुमच्याकडे काय?" बहुतेक ठाण्यांकडे काही नसायचं. माझ्याकडेही नव्हतं. पण मी फक्त आकड्यासाठी या कामाच्या मागे होतो असं म्हणणं खरं ठरणार नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका ओढ्याकाठी जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक दिवसाची मुलगी मी स्वतःच्या हाताने उचलली होती. पंचनाम्यात तिचं वर्णन मीच लिहिलं होतं. त्यामुळे मुलगा हवा म्हणून कुणी काही करतंय असं कानावर आलं की माझं डोकं तापायचं. हे सांगितलं पाहिजे. पुढे जे झालं ते एका कामचुकार अधिकाऱ्याच्या हातून झालं नाही, तळमळीच्या अधिकाऱ्याच्या हातून झालं.

खबर आणली एका होमगार्डने. बंदोबस्ताला आमच्याकडे येणारा, सरळ स्वभावाचा माणूस. सकाळची हजेरी संपली होती आणि मी चहा घेत होतो. समोर लेखनिकाचं काम करणारे आमचे जुने हवालदार बसले होते.

"सायेब, एक माहिती हाय. पन माझं नाव नको."

"बोल."

"काल वारूळवाडीच्या टपरीवर एक जन बोलत व्हता. ठिबकची कामं करतो, निरगुडसरकडचा हाय. दोस्ताला म्हनला, 'राव, यावेळंला तपासूनच आननार. खराब व्हती ती बाजूला काढली. आता नीट पोरगंच येनार.'"

हवालदार हसले. "तपासून आननार? टोमॅटोचं रोप हाय का नर्सरीतलं?"

"हसन्यावारी नेऊ नका, हवालदार. त्याच्या बायकोचं त्या हायवेच्या दवाखान्यात चाललंय, मूल बाहेर तयार करत्यात ना, तिथं. आन घरात आधीची पोरगी हाय."

हवालदारांचं हसू थांबलं. मी कप खाली ठेवला. ठाणे दैनंदिनीत गोपनीय माहिती म्हणून नोंद घेतली आणि दुपारी त्या माणसाला बोलावून घेतलं.

तो आला तेव्हा हाताला पाइप चिकटवायच्या सोल्युशनचे डाग होते. वय चाळिशीच्या आसपास. खुर्ची दिली तरी तिच्या कडेलाच बसला.

"बायकोला कुठल्या दवाखान्यात नेता?"

"नाय वो सायेब, तिचं पोट दुखतं अधूनमधून."

"पोटदुखीला एवढं मोठं केंद्र? गावात डॉक्टर नाहीत?"

"हायेत की. पन गुन येत न्हाई."

"तिथं इंजेक्शनं कसली देतात?"

"ताकतीची."

खोटं बोलत होता, हे शिकाऊ शिपायालाही कळलं असतं. मी आवाज चढवला. मारहाण केली नाही, पण टेबलावर हात आपटला. तेव्हा तो रडवेला होऊन म्हणाला, "सायेब, गावात सांगू नका. आमी टेस्टट्यूबचं करतोय. लोक म्हनतील ह्याच्यातच खोट हाय. माझ्या आईला बी म्हाईत न्हाई."

मी म्हणालो, "आणि तपासून घेतलं, त्याचं काय?"

"ते डाक्टरनी सांगितलं म्हनून."

माझ्या दृष्टीने एवढं पुरे होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकायला हवी होती आणि शिकलो नव्हतो. लाजेपोटी खोटं बोलणारा माणूस आणि गुन्हा लपवायला खोटं बोलणारा माणूस समोरून सारखेच दिसतात. दोघंही नजर चुकवतात, दोघांनाही घाम येतो. फरक पडतो तो शांतपणे दुसऱ्यांदा विचारल्यावर. मी दुसऱ्यांदा शांतपणे विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंना बोलावलं. कायद्याप्रमाणे बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. मी ठाण्यात बोलावलं, कारण जीप दुसरीकडे गेली होती. महिला शिपाई बसवली, तेवढा नियम पाळला. हवालदार कागद घेऊन टेबलाच्या टोकाला बसले.

बाई सदतीस-अडतीस वर्षांच्या. पदर खांद्यावरून नीट घेतलेला. नवऱ्यापेक्षा धीट. मी विचारायच्या आधीच त्या बोलू लागल्या.

"सायेब, ह्येंनी काल खोटं सांगितलं, मला घरी येऊन बोलले. त्येंच्यावर राग धरू नका. मी सगळं सांगते."

"सांगा."

"आमची दोन लेकरं गेली. पोरीच्या पाठीवर दोन झाली, दोनी बी गेली. जन्मली तवा गोरीगोमटी. मग मानच धरंनात. पाय हलवंनात. दूध प्यायलं तरी दम लागायचा. वरसाचं बी झालं न्हाई एक बी." त्या रडल्या नाहीत. "पुन्याच्या मोठ्या डाक्टरनी आमच्या दोघांचं रक्त तपासलं. म्हनले, तुमच्या दोघांत एकच खोट लपलेली हाय. तुमाला तिचा काय तरास न्हाई, पन लेकराला दोनीकडनं आली का लेकरू टिकत न्हाई. मी ह्येंच्या मामाचीच पोरगी ना."

मामाची मुलगी करायची रीत आमच्याकडे घरोघर आहे. माझ्या स्वतःच्या घरात आहे. पण त्या वेळी मी ते ऐकलं ते एखादं पाठ केलेलं उत्तर ऐकावं तसं. डॉक्टरने पढवून पाठवलंय, असं माझ्या मनाने आधीच ठरवलं होतं.

"मग डॉक्टर म्हणाले, मुलगा काढून देतो?"

"न्हाई वो. रोग नसलेलं देतो म्हनले. बाहेर काचेत गर्भ करायचं, त्येचा इवलासा तुकडा तपासायला धाडायचा, आन चांगलं निघंल ते पोटात सोडायचं. पाच झालं व्हतं. त्यातलं दोनच चांगलं निघालं. आता माझं वय सरत आलं, सायेब. डाक्टर म्हनले, परत गर्भ व्हतील का न्हाई सांगता येत न्हाई. जे हाय ते ह्ये दोनच."

"तुम्हाला नेमकं हवं काय होतं, बाई?"

"आमाला धड पोरगं पायजे, सायेब. दुसरं काय बी नगं."

हवालदारांचं पेन चालत होतं. त्यांनी लिहिलं ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. 'आम्हास एक मुलगी असून त्यानंतरची दोन अपत्ये मयत झाली आहेत. आम्हास धडधाकट मुलगा हवा होता, म्हणून सदर केंद्रात गर्भ तपासून घेतले.'

हवालदारांनी लबाडी केली नाही. ठाण्यात जबाब असाच लिहितात. बाई म्हणते, "नवरा ढोसून आला आन लाथ घातली," आम्ही लिहितो, 'पतीने मद्यप्राशन करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली.' लाथ एकच असते, बुक्के आम्ही घालतो. म्हातारा म्हणतो, "त्यो लई वंगाळ बोलला," आम्ही लिहितो, 'अश्लील शिवीगाळ केली.' माणसाचं बोलणं कागदावर येताना गणवेश चढवून येतं. 'पोरगं' हा शब्द कागदावर चालत नाही, म्हणून तिथे 'मुलगा' आला. शेवटी नेहमीचं वाक्य होतं, 'माझा वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' वाचून कुणीच दाखवला नव्हता. ते वाक्यही हात आपोआप लिहितो. बाईंनी सही केली. मी त्याच बैठकीत वरिष्ठांना फोन लावला आणि म्हणालो, "सर, कबुली आहे." पलीकडून 'शाब्बास' ऐकू आलं.

बाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"सायेब, जाऊ ना मी? पोरगं शाळेतनं येऊन दाराशी बसलं असंल. चावी माझ्याकडं हाय."

मी सहज विचारलं, "कुठलं पोरगं?"

"माझंच की. एकच तर हाय."

"ती मुलगी आहे ना?"

त्या गोंधळल्या. आपलं काही चुकलं की काय असं त्यांना वाटलं असावं. "व्हय. पोरगीच हाय. पाचवीला हाय."

त्या गेल्या. मी खुर्चीत बसून राहिलो. हवालदार टाचणी लावत होते. महिला शिपायाने पाणी आणून ठेवलं.

मी याच मातीतला. माझी आई माझ्या बहिणीला हाक मारताना 'माझं पोरगं' म्हणायची. अंगणात खेळणाऱ्या पोरींच्या घोळक्याकडे बघून 'पोरगं तापलं बघ उन्हानं' म्हणायची. बाप्यांच्या तोंडी, टपरीवर, पोरगं म्हटलं की मुलगाच उभा राहतो. आईच्या तोंडी ते नुसतं लेकरू असतं. हे मला शिकवावं लागलं नव्हतं. टपरीवरच्या एका वाक्यापासून कबुलीपर्यंत माझी सगळी केस या एका शब्दावर उभी होती, आणि तो शब्द आत्ताच माझ्यासमोर एका पाचवीतल्या मुलीसाठी वापरला गेला होता.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. कागद टेबलावर होता, बाई अजून एसटी थांब्यावरच असणार. शिपायाला पाठवून परत बोलावता आलं असतं, पुरवणी जबाब घेता आला असता. हवालदारांनी विचारलं, "साहेब, पाठवून देऊ का आरोग्यवाल्यांकडं?"

मी म्हणालो, "द्या."

का म्हणालो? वरिष्ठांची शाब्बासकी कानात होती. शिवाय मी स्वतःला समजावलं की आपण फक्त कागद पुढे पाठवतोय, खरंखोटं ठरवणारे दुसरे आहेत. या कायद्यात तक्रार करायचा आणि सील लावायचा अधिकार पोलिसांना नसतो. तो आरोग्य खात्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला असतो, आम्ही मदतीला असतो. तसं पाहिलं तर हे बरोबरच होतं. पण त्या खात्याने पाठवलेला वैद्यकीय अधिकारी तरुण होता, त्याची ही पहिलीच कारवाई होती आणि तो प्रत्येक गोष्टीसाठी माझ्या तोंडाकडे बघत होता.

केंद्रावर आम्ही दोन जीप घेऊन गेलो. तिथले डॉक्टर घाबरले नाहीत, चिडले. अहवाल समोर ठेवून म्हणाले, "ही तपासणी फक्त त्या एका आजाराची आहे. मुलगा की मुलगी हे प्रयोगशाळा कळवतच नाही. मलाही माहीत नाही."

मी विचारलं, "आणि माहीत असतं तर?"

"तरी सांगितलं नसतं. तो गुन्हा आहे, हे तुमच्याइतकं मलाही ठाऊक आहे."

अहवाल इंग्रजीत होता. मी पानं उलटली, कळल्यासारखं केलं. नोंदणीच्या कागदात एक यंत्र दाखवायचं राहून गेलं होतं, तेवढी तांत्रिक त्रुटी सापडली आणि सीलला आधार मिळाला. मागच्या खोलीत गुडघ्याएवढं एक भांडं होतं, वर जाड बूच. त्यात गर्भ गोठवून ठेवलेले. डॉक्टर म्हणाले, "बाकी सगळं बंद करा, ही खोली सोडा. यात नायट्रोजन भरत राहावं लागतं. नाहीतर आतलं सगळं जाईल. आठ कुटुंबांचे गर्भ आहेत यात."

आमच्या शिपायाने भांड्याकडे वाकून बघितलं. "साहेब, आपल्या जनावरांच्या डॉक्टरकडं असतं तसलंच हाय की."

तसलंच होतं. आमच्याकडे घरटी संकरित गाय आहे. गाय भरवायला येणारा माणूस मोटारसायकलला असलं भांडं बांधून येतो, आणि डेअरीवर नायट्रोजनची गाडी आली नाही तर आतल्या वळूच्या वीर्याच्या कांड्या फुकट जातात, हे मी लहानपणापासून नसलं तरी शेतकऱ्याच्या घरात राहून पुरतं जाणून होतो. त्यामुळे मला माहिती नव्हती, असंही म्हणायची सोय नाही.

तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने हळू आवाजात विचारलं, "साहेब, ही खोली वगळायची का?"

मी म्हणालो, "मुख्य पुरावा तोच आहे. सगळंच करा."

लाख वितळवून दारावर लावली. बाहेर ते नवरा-बायको उभे होते. त्यांना कुणी कळवलं माहीत नाही. नवरा लांब, मोटारसायकलपाशी. बाई पुढे आल्या. आरडाओरडा नाही, हात जोडणं नाही. शेजारणीला विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"सायेब, आत माझी दोन हायती. त्येंस्नी काय व्हनार न्हाई ना?"

मी म्हणालो, "सरकारी ताब्यात आहेत, ताई. सरकारी सीलात काही होत नसतं."

त्यांना ते पटलं. चेहऱ्यावरून दिसलं. पोलिसाच्या शब्दावर माणसं किती पटकन विश्वास ठेवतात, हे नोकरीत असताना आम्हाला कौतुकाचं वाटतं.

वर्तमानपत्रात बातमी आली. 'मुलगा निवडून देणाऱ्या केंद्रावर छापा.' ठाण्यात अभिनंदनाचे फोन आले. दोन-तीन दिवसांत डॉक्टरांचा अर्ज आरोग्य खात्याकडे गेला, निदान ती खोली उघडून नायट्रोजन भरू द्या. तिथून अभिप्रायासाठी तो माझ्याकडे आला. 'हरकत नाही' एवढे दोन शब्द लिहायचे होते.

तेव्हा शिवनेरीवरच्या जयंतीचा बंदोबस्त तोंडावर होता. जुन्नरला तो बंदोबस्त म्हणजे काय असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. मंत्र्यांचे दौरे, हेलिपॅड, वाहनतळ, गडाच्या वाटेवर माणूसच माणूस. मी म्हणालो, बंदोबस्त उरकला की बघू. बंदोबस्त उरकल्यावर थकवा होता. मग एक अपघाती मृत्यू आला. मग आणखी काही. प्रत्येक कारण खरं होतं. पण त्या सगळ्यांच्या खाली एक कारण होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. 'हरकत नाही' लिहिलं तर वरिष्ठ विचारणार, मुख्य पुरावा आता सोडायला का निघालात? मग मला त्या शब्दाबद्दल बोलावं लागलं असतं.

डॉक्टर एकदा स्वतः ठाण्यात आले. म्हणाले, "साहेब, कोर्टात जातोय, पण तारीख मिळेपर्यंत उशीर होईल. तुम्ही उद्या लिहिलंत तर अजून वेळ आहे."

मी म्हणालो, "प्रक्रिया चालू आहे."

हवालदारांनी नंतर पान लावता लावता मला विचारलं, "साहेब, काय राव, दोन ओळींचं काम. लिहून टाकू का मी?"

"मी सांगतो तेव्हा लिहा," असं मी त्यांना तोडून बोललो. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी असं बोललो नव्हतो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

शेवटी जिल्ह्यावरून तज्ज्ञांचा अभिप्राय आला. तपासणी आजाराचीच होती, लिंग कळवलं गेल्याचा पुरावा नाही. तेव्हा मी एक लांबलचक अहवाल लिहिला. संबंधित दांपत्याच्या दोन अपत्यांच्या मृत्यूचं कारण, कौटुंबिक पार्श्वभूमी, सगळं व्यवस्थित. त्यात मी असंही लिहिलं की बाईच्या बोलीभाषेतील शब्दाचा अर्थ लावताना संदिग्धता राहिली असण्याची शक्यता आहे. संदिग्धता. त्या शब्दाचा अर्थ माझ्याइतका स्पष्ट त्या प्रकरणात कुणालाच माहीत नव्हता, आणि मी हा शब्द वापरला. प्रकरण मिटलं. सील काढायला मी हजर होतो.

डॉक्टरांनी बूच काढलं. एरवी धुरासारखी वाफ वर येते. आली नाही. त्यांनी मापाची पट्टी आत घातली, बाहेर काढली, बोटांनी चाचपली. पट्टी कोरडी होती, साधी घरातल्या फूटपट्टीसारखी. ते माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. बघितलं नाही. नर्सला एवढंच म्हणाले, "सगळ्यांना फोन लावावे लागतील. त्या निरगुडसरच्या जोडप्याला मी लावतो."

आठ कुटुंबांपैकी बाकीच्यांचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. तेवढं धैर्य झालं नाही. या नवरा-बायकोंनी पुण्याला जाऊन आणखी एकदा प्रयत्न केला, असं कानावर आलं. गर्भ झाला नाही. मग ते थांबले.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं अशा लेखाच्या शेवटी लिहायचं असतं. तो कायदा योग्य आहे, हे माझं मत आजही बदललेलं नाही. ओढ्याकाठची ती मुलगी मी विसरलेलो नाही. बदल झाला तो एवढा की त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी माझ्या ठाण्यात जबाब सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहायला लावले. हवालदार कुरकुरायचे, "साहेब, 'त्यानं मला आडवंतिडवं घेतलं' असं लिहिलं तर कोर्ट हसंल." हसू दे, मी म्हणायचो. आणि शेवटचं 'वाचून दाखवला' हे वाक्य खरोखर वाचून दाखवल्याशिवाय लिहू दिलं नाही. नव्या अधिकाऱ्यांपुढे बोलताना मी हा नियम माझी सुधारणा म्हणून सांगत आलो आहे. तो कुठून आला, हे सांगितलं नाही. ऐकण्यात चूक होते, शब्द निसटतो, ते एक वेळ समजून घेता येतं. मी नीट ऐकलं होतं. त्याला चूक म्हणत नाहीत.

गेल्या वर्षी थंडीत मी त्यांच्या गावी गेलो. बायकोला सांगितलं, जुन्या ओळखीच्या माणसाकडे जातो. खरं काय ते सांगून माफी मागायची, असं ठरवून निघालो होतो.

नवऱ्याने लांबून ओळखलं. धावत येऊन गाडीचं दार उघडलं. "सायेब! या, या. आगं, कोन आलंय बघ." ओट्यावर सतरंजी टाकली. शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं, "ह्येच ते सायेब. ह्येंनी चांगला रिपोट दिला म्हनून आमची इज्जत ऱ्हायली, न्हाई तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या असत्या."

शेजारी नमस्कार करून गेला. मी चहा घेतला. बाई उंबऱ्याशी बसल्या होत्या, केस बरेच पांढरे झालेले. मुलगी नर्सिंगला आहे, सुट्टीत येते, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं,

"सायेब, एक इचारू का? तवा तुमी म्हनला व्हता, सरकारी सीलात काय व्हत नसतं. मग ते कसं काय झालं वो?"

"आगं, त्येंचा काय दोष त्यात?" नवरा ओशाळला. "सायेब, मनावर घेऊ नका. ती इचारती आपली अधूनमधून."

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि सांगू शकेल असा माणूस समोर बसला होता. ज्यासाठी मी एवढ्या लांब आलो होतो तो प्रश्न त्यांनीच माझ्यापुढे ठेवला होता.

मी म्हणालो, "तांत्रिक अडचण झाली, ताई."

"आसं व्हय," त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी वालाच्या शेंगांची पिशवी हातात दिली. मी नको म्हणालो, मग घेतली. ओट्यावर वाकून चपला घालताना मी वाक्य जुळवलं. ताई, अडचण कसलीच नव्हती. तुम्ही काय म्हणालात ते मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. तुमची दोन माझ्यामुळे गेली. मला माफ करा. एवढंच होतं, सगळं तोंडात तयार होतं. मी उभा राहिलो, वळलो.

त्या म्हणाल्या, "सावकाश जावा, सायेब. पुढं रस्त्याचं काम चालू हाय."

"बरं," मी म्हणालो.